देशी कपाशीचा हट्ट

नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आले, पण भोवतालच्या शेतात कोणती कपाशी पेरावी हा वऱ्हाडातला वाद त्याहून जुना. २००२मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत देशी वाण पेरणारा जुनाट ठरला.

नवं उशिरा स्वीकारणाऱ्यांचा शास्त्रीय गट पाडला तो समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी. १९६२च्या पुस्तकात त्यांनी शेवटच्या १६ टक्क्यांना रेंगाळणारे म्हटलं. गंमत म्हणजे, आयोवातले त्यांचे वडील यंत्रं हौसेनं घेत, संकरित मका मात्र नाकारत. १९३६च्या दुष्काळात त्यांचा मका वाळला, शेजाऱ्यांचा तगला.

वऱ्हाडातला हिशेब इतका सरळ नाही. बीटीनं हिरव्या बोंडअळीला आवरलं, हे खरंच. गुलाबी बोंडअळी मात्र बीटीतल्या विषाला सरावली आणि २०१७मध्ये विदर्भात तिनं बोंडं पोखरली. देशी कपाशीचा धागा आखूड, म्हणून भाव कमी. पण ती पाण्याचा ताण सोसते आणि पानं गुंडाळणारा विषाणू तिला बाधत नाही. एक हंगाम बुडाला तर पुढचं बियाणं कशानं घ्यायचं, या कोरडवाहू चिंतेला हट्ट म्हणणं जरा घाईचंच.

परभणीच्या कृषी विद्यापीठानं आता लांब धाग्याचे देशी वाणही काढलेत.