रमन राघव प्रकरणांतील वैद्यकीय दाखले

जुना कागद हातीं आला म्हणजे तो कोणीं, कोणास व केव्हां लिहिला, हें आपण प्रथम पाहतों. फौजदारी दप्तरांतील वैद्यकीय दाखल्यास आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : हा दाखला कशाचें उत्तर म्हणून दिलेला आहे? मुंबई उपनगरांतील रमन राघव प्रकरण ह्या दृष्टीनें उद्बोधक असल्यामुळें त्याचा येथें थोडक्यांत परामर्श घेतों.

१९६५-६६ सालीं पूर्व उपनगरांत लोहमार्गाच्या कडेस, व १९६८ सालीं पश्चिमेकडील उपनगरांत, झोपड्यांतून व उघड्यावर निजलेल्या माणसांच्या रात्रीं हत्या झाल्या. ता. २७ ऑगस्ट १९६८ रोजीं उपनिरीक्षक अलेक्स फियाल्हो यांनीं रमन राघव ह्यास पकडिलें. त्याच्यावरील खटला १९६९ सालीं मुंबईच्या सत्र न्यायालयांत चालला.

अशा खटल्यांत दोन प्रश्न निरनिराळे ठेवावे लागतात. कृत्य करतेवेळीं त्याचें स्वरूप, अथवा तें गैर वा बेकायदा आहे हें, मनोविकृतीमुळें आरोपीस कळत नव्हतें काय, हा पहिला. तो १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ८४ चा विषय. खटला चालू असतां त्यास आपला बचाव करितां येतो काय, हा दुसरा. तो तेव्हांच्या १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या ३४ व्या प्रकरणांतला. पहिल्यानें आरोपी दोषमुक्त होतो. दुसऱ्यानें खटला केवळ तहकूब राहतो.

आतां दाखले पाहूं. पोलीस शल्यचिकित्सकानें आरोपीस २८ जून ते २३ जुलै १९६९ पर्यंत नजरेखालीं ठेवून, त्यास मनोविकार नाहीं व चाललेलें कामकाज त्यास समजतें, असें कळविलें. बचावपक्षाच्या मनोविकारतज्ज्ञानें, आरोपी दीर्घकाळ छिन्नमनस्कतेनें ग्रस्त असून आपलें कृत्य बेकायदा असल्याचें त्यास कळत नव्हतें, अशी साक्ष दिली. न्यायालयानें देहान्ताची शिक्षा सांगितली. आरोपीनें अपील करण्याचें नाकारिलें. शिक्षा कायम करण्यापूर्वीं उच्च न्यायालयाच्या आज्ञेवरून तीन तज्ज्ञांचें मंडळ नेमण्यांत आलें, व त्यानें आरोपी मनोरुग्ण असल्याचा निर्वाळा दिला. पुढें देहान्ताऐवजीं जन्मठेप झाली. येरवड्यास बंदिवासांत असतां त्याजवर उपचार झाले, व १९९५ सालीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत त्याचा अंत झाला.

रोगनिदानापुरते हे दाखले खरोखरच परस्परविरुद्ध आहेत. तें झांकण्यांत अर्थ नाहीं. तथापि जुलै १९६९ मध्यें कामकाज समजत होतें, एवढ्यावरून १९६८ च्या रात्रींची मनःस्थिति सिद्ध होत नाहीं. उलटपक्षीं, मंडळानें रोगी ठरविल्यानें कलम ८४ चा लाभ आपोआप मिळत नाहीं. म्हणूनच फांशी टळली, पण दोष टळला नाहीं. मनुष्य रोगी आहे काय व तो अपराधी आहे काय, ह्या दोन गोष्टींचा निवाडा कायद्यानें वेगळा केला.

ता. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्यें तोच जुना नियम कायम आहे. भर पडली ती उपचाराच्या बाजूनें : २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाचें कलम १०३ प्रत्येक राज्यांत निदान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागांत मानसिक उपचारांची सोय असावी असें सांगतें.

असो. संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, असा दाखला आढळल्यास तो ज्या हुकुमावरून दिला गेला त्यापासून तोडूं नये. हुकुमावांचून दाखला म्हणजे प्रश्नावांचून उत्तर होय. आणि येथें त्या उत्तरावर एका मनुष्याचा जीव टांगलेला होता.