व्हिसा संपला, मुक्काम पुण्यातच!

इराण, अफगाणिस्तान, येमेन, आफ्रिका… पुण्यात शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांची यादी लांबलचक आहे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यानं १४ दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. पुण्यात हे काम शहर पोलिसांचं परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय पाहतं. २०१८पासून अर्ज ‘ई-एफआरआरओ’ या पोर्टलवर भरता येतो, त्यामुळे हेलपाटे कमी झाले.

मुदतवाढीसाठी कॉलेजचं बोनाफाईड आणि राहत्या जागेचा पुरावा लागतो. इथेच गाडी अडते! कारण भाडेकराराचा कागद द्यायला घरमालक खळखळ करतात.

आणि मुदत उलटूनच गेली तर? गुपचूप विमानतळ गाठण्यात अर्थ नाही, इमिग्रेशनच्या खिडकीवर अडवतातच. आधी त्याच पोर्टलवर दंड भरून देश सोडण्याचा परवाना, म्हणजे एक्झिट परमिट, घ्यावा लागतो. १ सप्टेंबर २०२५पासून १९४६च्या परदेशी नागरिक कायद्याची जागा नव्या कायद्यानं घेतली. त्यात मुदतीपलीकडे राहणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

सरकार दरवेळी कठोरच असतं असं मात्र नाही. कोरोनात अडकलेल्यांचे व्हिसा केंद्रानं विनादंड वाढवले. ऑगस्ट २०२१मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं, तेव्हा पुण्यातल्या अफगाण विद्यार्थ्यांपुढे परतायचं कुठे हाच प्रश्न होता. त्या वेळी भारतानं अफगाण नागरिकांसाठी वेगळा आपत्कालीन ई-व्हिसाही सुरू केला.