कोपऱ्यावरचा कुत्रा आणि मुलाची भीती

शिकवणी चार घरे सोडून असते, पण कोपऱ्यावर तो काळा कुत्रा बसलेला असतो. मग मुलाचे पोट दुखू लागते, आई लांबच्या रस्त्याने नेते आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. खरे तर तो इथेच वाढतो. रस्ता बदलला की धडधड थांबते आणि ‘त्यामुळेच वाचलो’ हा धडा पक्का होतो. ‘काही करत नाही तो, लाव हात’ म्हणत मुलाला पुढे ढकलणारे काका तर भीतीत भरच घालतात.

मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ महिलेने 1924 मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. न घाबरणाऱ्या मुलांसोबत खेळताना त्याची भीती कमी होत होती. मध्येच तो आजारी पडला. रुग्णालयातून निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सगळे मुसळ केरात! मग जोन्सबाईंनी पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला आणि रोज थोडा जवळ आणला. अखेर पीटर त्याला कुरवाळू लागला. 1967 मध्ये अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याला घाबरणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना, कुत्र्याशी बिनधास्त खेळणारा एक मुलगा चार दिवस दाखवला. बहुतेकांची भीती बरीच ओसरली.

घरीही हेच करता येते. आधी खिडकीतून, मग ओळखीच्यांचा साखळीला बांधलेला शांत कुत्रा रस्त्यापलीकडून पाहायचा. धडधड कमी होईपर्यंत तिथेच गप्पा मारत थांबायचे. घाई नको. मूल एखाद्या दिवशी मागे सरकले, तर दोन पावले मागून पुन्हा सुरुवात.

भटक्या कुत्र्याला हात लावणे हे मात्र उद्दिष्ट नव्हे. त्याच्या बाजूने शांतपणे जाता आले की पुरे. पळायचे नाही, डोळ्यांत रोखून पाहायचे नाही. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीपासून लांबच राहायचे. चावला किंवा नुसते ओरखडले तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवून लगेच डॉक्टरांकडे न्यावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. म्हणूनच ‘भित्रा’ म्हणून चिडवणे थांबवा. बोलणी खाणारे मूल ओरखडाही लपवते.