कोंबडीची रात्रपाळी

लातूर जिल्ह्यातल्या चाकूरच्या परसात कोंबड्या आणि भाजी एकत्र नांदवायची म्हटलं की पहिलं काम कुंपणाचं. मेथीचा कोवळा वाफा कोंबडीच्या नजरेला पडला की अर्ध्या तासात उकरून सपाट. आपल्याकडे तूर घरोघरी, तेव्हा भाजीभोवती तुराट्यांचा कूड घालावा. पण छातीइतका उंच. कमरेइतका कूड गावरान कोंबडी सहज उडून ओलांडते.

आता खुराडं. दहा कोंबड्यांना पाच फूट बाय चार फूट पुरतं. त्यात जमिनीपासून दोन फुटांवर एक आडवा दांडा हवाच, कारण कोंबडीला रात्री उंचावर बसायचं असतं आणि तिच्या दिवसभरातल्या विष्ठेचा मोठा वाटा त्या बैठकीत, एकाच जागी पडतो. दिवसा ती गावभर खत वाटत फिरते, ते आपल्या हाती लागत नाही. रात्रीचं मात्र हक्काचं. दांड्याखाली सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड पसरून ठेवलं की रोज झाडावंही लागत नाही. वरून थोडं नवं टाकायचं आणि पंधरवड्यानं सगळं उचलायचं.

हे खत थेट वांग्याच्या बुडाशी घालण्याचा मोह आवरावा. कोंबडीची लघवी वेगळी होत नाही. विष्ठेवर दिसणारा पांढरा थर म्हणजे युरिक आम्ल. जंतू त्याचं आधी युरिया आणि मग अमोनिया करतात, आणि तो अमोनिया कोवळी मुळं जाळतो. चाकूरकडची काळी माती चुनखडीची, विम्ल. तिच्यात अमोनिया हवेत उडून जाण्याचं प्रमाणही वाढतं. म्हणजे रोप करपतं आणि खतही वाया जातं. त्याऐवजी ढीग लावावा: एक घमेलं विष्ठेला दोन-तीन घमेली भुसकट, पालापाचोळा, कडब्याचा चुरा. मूठभर उचलून दाबलं तर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. ढीग आतून तापतो, पंधरा दिवसांनी वरखाली करावा लागतो. अडीच-तीन महिन्यांत वास जाऊन तो काळा, भुसभुशीत होतो. दहा फूट बाय चार फुटांच्या वाफ्याला हंगामात दोन-तीन घमेली पुष्कळ. जास्त घातलं तर कमी पावसाच्या मुलखात मातीत क्षार साठतात. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात यांना ताजी विष्ठा तर कधीच नको, तिच्यात साल्मोनेलाचे जंतू असू शकतात.

कोंबड्यांच्या खाण्याचं गणित लातूर जिल्ह्यात सोपं असायला हवं. सोयाबीनची एवढी मोठी बाजारपेठ दाराशी! पण कच्चं सोयाबीन कोंबडीला घालू नये. त्यात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारा घटक असतो. कोंबडी खाते, पण प्रथिनं तिच्या अंगी लागत नाहीत, पिल्लं खुरटतात, अंडी घटतात. उष्णतेनं हा घटक निष्प्रभ होतो. म्हणून दाणे नीट भाजून भरडावेत किंवा तेलगिरणीची पेंड आणावी. दहा कोंबड्यांना दिवसाला किलोभर खाद्य लागतं. निम्मं त्या किडे, गवत आणि खरकट्यावर भागवतात; उरलेल्या अर्ध्या किलोत तीन वाटे ज्वारीचा किंवा मक्याचा भरडा, एक वाटा पेंड. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी कोंबड्यांच्या पुढ्यात टाकून ‘संपवायची’ आपली जुनी काटकसर महागात पडते. बुरशीचं विष यकृतावर जातं. कवचासाठी अंड्यांची टरफलं भाजून, बारीक चुरून द्यावीत. अख्खी टाकली तर कोंबड्या स्वतःची अंडी फोडायला शिकतात.

पाणी ही खरी मर्यादा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात भाजी कशावर जगवायची? कोंबड्यांचं फारसं नाही. दहा जणींना अडीच लिटर, उन्हाळ्यात दुप्पट. वाफ्याला मात्र कडक उन्हात रोज वीस लिटरच्या आसपास लागतं. न्हाणीचं पाणी वापरावं, पण साबणाचं पाणी पालेभाजीवर नको. ते शेवगा, पपई, केळीच्या आळ्यात सोडावं. वाफ्यावर भुसकटाचं आच्छादन असलं की भेगा कमी पडतात. मे महिन्यात तुमच्या जागी मी असतो तर भाजीचा हट्ट सोडून तेवढी तीन-चार झाडंच जगवली असती.

दाणापाणी छपराखाली ठेवावं, उघड्यावर नाही. शेजारच्या उदगीरला जानेवारी २०२५ मध्ये मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला होता, आणि कावळा परसातल्या भांड्यात चोच घालायला कोणाला विचारत नाही. एकाएकी कोंबड्या मरायला लागल्या तर उघड्या हातानं उचलू नयेत, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. मानमोडीचा धोका तर नेहमीचाच. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लस, दोन महिन्यांच्या सुमारास पुढची लस, यात चालढकल नको.

गिरिराज किंवा ग्रामप्रिया जातीची महिना-दीड महिन्याची, लस टोचलेली पिल्लं भाद्रपदात आणली, तर अंडी संक्रांतीच्या आगेमागे सुरू होतात. तोवर ढिगाचं पहिलं खत तयार असतं. हिवाळी भाजी काढून झाली की कुडाचं दार उघडून कोंबड्यांना वाफ्यात सोडावं: अळ्या, तणाचं बी, उरलेली पानं त्या वेचतात आणि माती हलवून ठेवतात. मृगाच्या आधी दार पुन्हा बंद करायचं.