झिजण्यासाठीच घडवलेला

जुन्या बुलेटच्या आवाजावर आजवर इतकं लिहून झालं आहे की त्यात माझी भर नको. मला बोलायचं आहे ते तिच्या डाव्या बाजूच्या, झाकण घातलेल्या डब्यासारख्या दिसणाऱ्या पेटीत बसलेल्या क्लचबद्दल. तो आवाज करत नाही, चमकत नाही, आणि बिघडला की दोष हमखास दुसऱ्याच कुणावर जातो. आमच्या घरी तो इंजिनावर गेला आणि त्यापायी १९८२ सालची, आमच्या अण्णांची गाडी जवळजवळ विकली गेली होती.

झालं असं की, पसरणीच्या घाटात गाडी ओढेनाशी झाली. वाई सोडून वर चढू लागलं की इंजिन गुरगुरायचं, आवाज चढत जायचा, पण वेग वाढायचा नाही. गावातल्या एका गॅरेजवाल्याने दोन किका मारल्या, कान लावला आणि निकाल दिला, "पॉवर गेली साहेब. बोअर करा, पिस्टन बदला." खर्चाचा आकडा मुलीच्या कॉलेजच्या वर्षाच्या फीच्या जवळ जाणारा होता. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. देऊन टाकू." आई काहीच बोलली नाही. अण्णा गेल्यापासून गाडीचा विषय निघाला की ती स्वयंपाकघरात जाते.

पण नीट ऐकलं तर गाडी स्वतःच सांगत होती. ज्याची ताकद गेली ते इंजिन चढावर दबतं, धापा टाकतं. आमचं इंजिन उलट मोकाट सुटत होतं. म्हणजे ताकद तयार होत होती, फक्त चाकापर्यंत पोचत नव्हती. याला गॅरेजच्या भाषेत 'क्लच स्लिप मारतोय' म्हणतात. तपासायची रीत सोपी आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये बेताच्या वेगाने जाताना अॅक्सिलरेटर एकदम पिळायचा. आवाज उडी मारून वर गेला आणि गाडी होती त्याच वेगात राहिली, तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही.

क्लच म्हणजे गोल चकत्यांची चळत. एक सोडून एक चकती इंजिनाकडून साखळीने फिरणाऱ्या ड्रमला अडकलेली, मधल्या चकत्या गिअरपेटीकडे जाणाऱ्या दांड्याला अडकलेल्या. काहींवर घर्षणाचं अस्तर, बाकीचे नुसते पोलादी पत्रे. स्प्रिंगा ही चळत घट्ट दाबून धरतात, म्हणून सगळं एकजीव फिरतं. आपण हँडलवरचा लिव्हर दाबतो तेव्हा वायर ओढली जाते, गिअरपेटीच्या पोकळ दांड्यातून एक सळई सरकते, चळतीवरचं झाकण किंचित उचलतं आणि चकत्या मोकळ्या होतात. लिव्हर सोडताना त्या क्षणभर एकमेकींवर घासत जातात आणि तेवढ्यात गाडी धक्का न खाता उचलते. ती झीज कुणीतरी सोसायचीच असते. ती गिअरच्या दात्यांनी सोसू नये म्हणून हे अस्तर घातलेलं असतं. पूर्वी पुष्कळ गाड्यांत अस्तराच्या जागी चक्क बूच असे, बाटलीला लावतात तेच.

पेटी उघडण्याआधी मात्र दोन फुकटच्या गोष्टी बघाव्यात. पहिली, वायरची ढील. लिव्हरला सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटरचा रिकामा खेळ हवाच. तो नसेल तर आपण हात न लावताही क्लच किंचित दाबलेलाच राहतो आणि नवीन प्लेटासुद्धा जळतात. दुसरी, तेल. या चकत्या तेलात बुडून चालतात आणि जुन्या बुलेटमध्ये डाव्या पेटीतलं तेल इंजिनाच्या तेलापासून वेगळं असतं. मोटारगाडीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं मिसळलेली असतात. इंजिनाला ती मानवतात, क्लचला नाही. मोटारसायकलच्या डब्यावर 'जेएएसओ एमए' अशी खूण असते, ती ओल्या क्लचसाठीच. आमची ढील ठीक होती, तेलही बरोबर होतं. तेव्हा उघडणं आलं.

एका रविवारी मुलगी आणि मी गाडी मेन स्टँडवर घेऊन बसलो. डाव्या पायाचं फुटरेस्ट काढलं, ब्रेकचा पेडल बाजूला केला (जुन्या बुलेटला ब्रेक डाव्या पायाशी आणि गिअर उजव्या, हे नव्या पोरांना सांगूनही पटत नाही). एवढं मोठं झाकण, पण ते मधल्या एकाच नटावर बसलेलं असतं. खाली परात ठेवायला विसरू नये, कारण झाकण सुटलं की सगळं तेल खालीच येतं. आणखी एक, या गाडीचे बरेच नट जुन्या इंग्रजी मापाचे असतात. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि 'जवळपास'मुळेच नटाच्या कडा गोल होतात.

तीन स्क्रू, तीन स्प्रिंगा, मग एकेक चकती. मुलीने त्या वर्तमानपत्रावर निघाल्या त्याच क्रमाने, त्याच बाजूने मांडल्या आणि मोबाइलवर फोटो काढला. अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालं होतं, दोन ठिकाणी खपल्या निघालेल्या. पोलादी पत्र्यांवर निळसर चट्टे होते, म्हणजे ते तापून निघाले होते. पत्रा सरळ आहे का हे बघायला तो काचेवर ठेवून खाली फीलर गेज सरकवायचा. मात्र बुलेटच्या संचात मुद्दाम खोलगट केलेला पत्राही असतो. तो वाकलाय समजून पुष्कळजण फेकतात. स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर एक बाकीच्या दोघींपेक्षा बुटकी निघाली. दमलेली स्प्रिंग एकटी बदलायची नसते. तिन्ही बदलायच्या, नाहीतर झाकण तिरकं उचलतं.

ड्रमच्या खाचांकडे बहुतेकजण बघतच नाहीत. चकत्यांचे कान वर्षानुवर्षं तिथे आपटून कडेला छोटे खळगे पाडतात. लिव्हर दाबला तरी कान त्या खळग्यात अडकून राहतात, न्यूट्रल सापडत नाही, सिग्नलला गाडी पुढे रेटत राहते. खळगे उथळ असतील तर कानशीने कड साफ होते, खोल असतील तर ड्रम बदलणंच शहाणपणाचं. आमचे उथळ होते. मुलीने तासभर हलक्या हाताने कानस मारली आणि लोखंडाचा कीस एकूण एक टिपून काढला.

इथे एक सांगणं गंभीर आहे. गुळगुळीत झालेल्या जुन्या प्लेटा पॉलिश पेपरवर घासून परत बसवायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. क्लच आणि ब्रेकच्या जुन्या अस्तरांमध्ये अॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर वीस-तीस वर्षांनीसुद्धा जीवघेणा आजार उद्भवू शकतो. प्लेट कधीची आहे, कशाची आहे, हे हातात धरून कळत नाही. त्यामुळे घासायची नाही, हवेने फुंकायची नाही. ओल्या फडक्याने पुसून, पिशवीत बांधून ठेवायची. आयुष्यभर या धुळीत उकिडवे बसून काम केलेली गॅरेजमधली पोरं आठवली की, वाचवलेल्या पैशांचं कौतुक वाटत नाही.

नव्या प्लेटा रात्रभर त्याच तेलात भिजत ठेवल्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्या चढालाच त्या करपतात. बसवताना तिन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. मग मी लिव्हर दाबून धरला, मुलीने हाताने किक हळूहळू ढकलली आणि झाकण डुगडुगत फिरतं का ते दोघांनी बघितलं. सरळ फिरलं. पेटीचं रबर नवं घातलं, तेल भरलं, ढील लावली. सगळा खर्च गॅरेजवाल्याच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शातही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाडी काढली तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आधी क्लच दाबून तीन-चार किका मार. रात्री तेलाने चिकटलेल्या असतात चकत्या. ते तसंच करायचे."

भावाच्या गिऱ्हाइकाचा परवा पुन्हा फोन आला. मी घरी नव्हतो, आईनेच घेतला. काय सांगितलं ते तिने मला सांगितलं नाही, पण भाऊ त्यानंतर गाडीबद्दल बोललेला नाही. नव्या प्लेटा जागेवर बसल्या की वायरची ढील बदलते, ती काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा बघावी लागते. आमचे अजून ऐंशीच झाले आहेत.