ओळखीची मोठी माणसं

राष्ट्र सेवादलाच्या १९४१ पासूनच्या शाखा, साने गुरुजी कथामाला, १९६२ची ज्ञानप्रबोधिनी, मग उन्हाळी शिबिरांची लाट. शाळेबाहेरच्या शिक्षणाचा हा इतिहास वाचकांना पाठ आहे, तो पुन्हा गिरवत नाही. कोसबाडला मात्र थांबायला हवं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. मुलाची परिस्थिती सुधारेपर्यंत वाट बघत बसायचं नाही, हे आमची पिढी तिथून शिकली.

‘वस्तीतल्या मुलांची स्वप्नंच लहान’ असं म्हणत प्रेरणादायी व्याख्यानं देणारी मंडळी हल्ली फार झाली आहेत. त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे. वस्तीतल्या मुलीला ‘कोण होणार?’ विचारलं की पोलीस, नर्स नाहीतर टीचर हेच उत्तर येतं, कारण दरमहा पगार घेणारी तेवढीच माणसं तिने जवळून पाहिलेली असतात. तिच्या ओळखी वाढवा, स्वप्नांचं ती बघून घेईल. तासभर टाळ्या घेऊन गेलेला वक्ता कुणाच्या ओळखीचा होत नाही.

मुलांच्या ओळखीचं होण्याचं हे काम खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी किती साधेपणाने केलं! स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल. पुण्याच्या ‘आयुका’ या त्यांच्या संशोधन संस्थेत शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं सुरू झाली, सुट्टीत मुलं शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करू लागली. २००३ मध्ये तिथे अरविंद गुप्ता आले. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायची त्यांची रीत होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमापासूनची.

वस्तीतल्या मुलांसाठी आम्ही शनिवारी वर्ग घेतो, त्यात तीच रीत चालते. काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. एका गवंड्याची सातवीतली मुलगी त्रिकोण हातात धरून समोरच्या पत्र्याच्या शेडकडे बघत राहिली आणि म्हणाली, “सर, कैचीत पण हेच आहे.” पुढच्या शनिवारी शेड उभारणाऱ्या फॅब्रिकेटरला बोलावलं. त्याने खडूने फरशीवर कैची, म्हणजे छपराला आधार देणारा त्रिकोणी सांगाडा, आखली, मापं तिला घ्यायला लावली. तिचा पुढचा प्रश्न : “हे आधी कागदावर कोण काढतं?” मग ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंच्या ऑफिसात ती जाऊ लागली. दहावीनंतर डिप्लोमा असतो, गणिताला पर्याय नाही, फीमाफीसाठी कोणते दाखले लागतात, हे सगळं तिला त्या टेबलाशी कळलं. पॉलिटेक्निकचा फॉर्म भरायला वडील कामाचा खाडा करून आले.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेने १९८१ पासून मुलांना प्रयोगाला, प्रकल्पाला बसवलं, त्याचं मला मोल आहे. आता तिचेही क्लास निघालेत. मुलाला प्रश्न पडायच्या आधी प्रकल्पाचा विषय हातात ठेवला जातो, आणि पालक त्याचे पैसे मोजतात. वाईट वाटतं.

मला लागतं ते फार थोडं. निवृत्त वायरमन, लॅब टेक्निशियन, भूमापक शनिवारी दुपारी यायला एका पायावर तयार आहेत. शाळांच्या खोल्या त्या वेळी कुलूपबंद असतात. पूर्वी मुख्याध्यापक स्वतः किल्ली हातात देत. आता अर्ज वरच्या कार्यालयात जातो, आणि परवानगी येईपर्यंत मुलांची चाचणी परीक्षा तोंडावर आलेली असते.