संडे मॉर्निंग, विहार कॉलिंग

वीकएण्डचा रिपोर्ट सोमवारी कॉफी मशीनपाशी सादर होतो. कुणी मल्टिप्लेक्स, कुणी लोणावळा, कुणी नुसतीच झोप. तिथे मी एकदा सांगून टाकलं, ‘विहारात गेलो होतो.’ ‘वॉव, मेडिटेशन?’ विपश्यना इन आहे ना! पण तथागतांशेजारी बाबासाहेबांचा फोटो असतो तो विहार, असं म्हटल्यावर तो ‘वॉव’ किंचित उतरला आणि विषय मॅचवर गेला. आमच्यातले बरेच जण म्हणूनच ऑफिसात संडेबद्दल बोलत नाहीत. आणि न बोलता बोलता जायचंही सोडून देतात.

मी कबनूरचा. इचलकरंजीला इतकं खेटलेलं गाव, की शहर कुठे संपलं ते मागांच्या खटखटाटात कळतच नाही. रविवारच्या वंदनेला आमच्याकडे रात्रपाळी करून आलेले मागवालेही डोळे चोळत बसलेले असतात. मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं. त्रिशरण, पंचशील, वंदना, मग ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’मधलं एखादं पान. तासाभरात सगळे मोकळे. नवस नाही, साकडं नाही. मागणार कुणाकडे? आपण देव आहोत असं बुद्धांनी कधी म्हटलंच नाही.

मग तुम्ही म्हणाल, जायचं कशाला? पुस्तक तर फ्लॅटवरही वाचता येतं की!

रास्त प्रश्न. पण पंचशील म्हणजे एकदा घेऊन कपाटात ठेवायचं सर्टिफिकेट नव्हे. ते दर वेळी नव्याने, मोठ्याने, पाच वाक्यांत घ्यायचं असतं. पाचवं शील मद्याबद्दलचं. त्याचं शनिवारी रात्री काय होतं ते मी वेगळं सांगायला नको! फ्लॅटवर एकट्याने म्हटलेलं कुणी ऐकत नाही. विहारात शेजारी काका बसलेले असतात, आणि त्यांना सगळं माहीत असतं.

हे आजचं नाही. ठरावीक तिथींना जमायची कल्पना मुळात राजा बिंबिसाराने बुद्धांना सुचवली, असं विनयपिटकात आहे. भिक्खू जमले खरे, पण गप्प बसून राहिले. लोक वैतागले, तेव्हा कुठे धम्म सांगायचा नियम झाला. (अजेंडा नसलेली मीटिंग तेव्हाही लोकांना सहन होत नव्हती.) वज्जींचा ऱ्हास का होणार नाही, याची सात कारणं बुद्धांनी सांगितली. त्यांतलं पहिलंच कारण, ते वरचेवर आणि मोठ्या संख्येने एकत्र जमतात.

रविवार मात्र बौद्ध परंपरेतला नाही. तिथे उपोसथ पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमीला. श्रीलंकेने तर 1966 ते 1971 या काळात रविवारची सुट्टी काढून चंद्राच्या तिथींप्रमाणे आठवडी सुट्टी दिली होती. ऑफिसांचं काय झालं असेल, कल्पना करा! बाबासाहेब प्रॅक्टिकल होते. 1954 मध्ये ब्रह्मदेशच्या बुद्ध शासन कौन्सिलला दिलेल्या निवेदनात त्यांनी दर रविवारी विहारात सामुदायिक वंदना आणि नंतर प्रवचन, असं सरळ सुचवलं. कामगाराला आणि कारकुनाला जी सुट्टी मिळते, ती रविवारीच ना.

आमच्या हातकणंगले तालुक्याला जमण्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. याच तालुक्यातल्या माणगावला 21 आणि 22 मार्च 1920 रोजी परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब आणि उपस्थित शाहू महाराज. ज्यांना गावात कुठेही एकत्र बसायची मुभा नव्हती, त्यांच्यासाठी नुसतं बसणं हीच मोठी गोष्ट होती.

विहाराचा हिशेब खरा कळतो तो घरात कुणी गेल्यावर. माझे आजोबा गेले तेव्हा मी पुण्यात होतो. मी पोचेपर्यंत सगळी व्यवस्था झालेली होती, आणि ती करणारे सगळे रविवारचेच चेहरे. वर्षानुवर्षं आज्जीने तिथे सतरंजी झटकली होती, त्याचं ते व्याज. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘भावपूर्ण आदरांजली’चे बावन्न मेसेज आले होते. खांदा द्यायला त्यातले दोन.

पुण्यात आल्यावर विहार शोधायला मला दोन रविवार लागले. गूगल मॅपपेक्षा रिक्षावाल्याला विचारणं बरं. पांढरा शर्ट असेल तर उत्तम, नसेल तर कुणी परत पाठवत नाही. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, की पुढचे तीन महिने बऱ्याच विहारांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे, चष्मा सावरत, अडखळत. स्पष्ट वाचणारं कुणी नवीन आलं, की पुस्तक लगेच त्याच्या हातात येतं.